नॅनो कीटकनाशके आणि ‘पर्यावरणस्नेही’ हा दावा

नॅनो कीटकनाशक म्हणजे असे कीटकनाशक, ज्यातला कीड मारणारा घटक किंवा त्याला वाहून नेणारे आवरण साधारण १ ते १०० नॅनोमीटर इतक्या सूक्ष्म कणांच्या रूपात असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ‘नॅनो’ म्हणवल्या जाणाऱ्या कित्येक आवरणयुक्त औषधांचे कण याहून मोठे, काहीशे नॅनोमीटरचेही असतात. या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली वस्तू म्हणजे चांदी, तांबे, जस्त यांसारख्या धातूंचे वा त्यांच्या ऑक्साइडचे, तसेच सिलिकाचे कण. हे कण स्वतःच किडीला मारतात. दुसरी वस्तू म्हणजे ओळखीचेच कीटकनाशक, मग ते निंबोळीतले ॲझाडिरेक्टिन असो की एखादे रासायनिक औषध, कायटोसानसारख्या पॉलिमरच्या कुपीत भरलेले किंवा तेलाच्या अतिसूक्ष्म थेंबांत विरघळवलेले. दोन्हींचा प्रचार मात्र सारखाच होतो: मात्रा कमी, परिणाम जास्त आणि पर्यावरणाला धक्का नाही. यातली पहिली दोन विधाने काही औषधांच्या बाबतीत खरी आहेत. तिसरे विधान ‘नॅनो’ या सबंध वर्गाबद्दल केले जाते तेव्हा ते खोटे ठरते, आणि त्या खोटेपणाची किंमत सर्वांत आधी वणीसारख्या गावातल्या बागाईतदाराला मोजावी लागेल.

वणी हे दिंडोरी तालुक्यातले, सप्तशृंगी गडाच्या वाटेवरचे गाव. नाशिकपासून चाळीसेक किलोमीटरवर. भाविकांना ते देवीमुळे ठाऊक आहे, शेतमालाच्या व्यवहारात द्राक्ष, टोमॅटो आणि भाजीपाल्यामुळे. ओझरखेड, करंजवण, वाघाड, पालखेड या धरणांनी या तालुक्याची बागाईत वाढवली. द्राक्षबागेत मांडव, ठिबक, मजुरी आणि कर्ज असे भांडवल इतके गुंतलेले असते की किडीच्या बाबतीत थांबून पाहण्याची उसंत बागाईतदाराकडे उरत नाही. त्यामुळे कीटकनाशकांची प्रत्येक नवी पिढी या पट्ट्यात लवकर पोचते.

इथल्या किडी काय करतात हे जवळून पाहिले, तर नव्या औषधाचे आकर्षण का वाटते ते कळते. ऑक्टोबर छाटणीनंतर फुगणारे डोळे उडद्या भुंगेरे कोरून टाकतात. डोळा गेला की त्या काडीचा घडही गेला. पुढे फुलोऱ्यात आणि कोवळ्या मण्यांवर थ्रिप्स, म्हणजे फुलकिडे, साल खरवडून रस शोषतात. त्या वेळी खूण जेमतेम दिसते. मणी फुगत जातो तसा तो ओरखडा तपकिरी खरडीसारखा पसरतो आणि चवीत काडीचाही फरक नसलेला घड निर्यातीतून बाद होतो. सर्वांत चिवट कीड मिलीबग, अर्थात पिठ्या ढेकूण. खोडाच्या सुटलेल्या सालीखाली ती दडून राहते, अंगावर मेणचट पांढरी पूड बाळगते आणि चिकट गोड स्राव सोडते. त्या स्रावासाठी मुंग्या तिची राखण करतात आणि घडांवर काळी बुरशी चढते. टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आणि पांढरी माशी जुनीच. २०१४ मध्ये पुणे भागातून भारतात प्रथम नोंदली गेलेली टूटा ही नागअळी त्यांत नवी. इतक्या शत्रूंशी झुंजणाऱ्याला ‘कमी औषधात जास्त परिणाम’ हे वाक्य पटते, यात त्याचा काही दोष नाही.

समर्थकांच्या हातातला सर्वांत बळकट पुरावा आधी पाहायला हवा. २०१९ मध्ये ‘आययूपॅक’ या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने दहा उदयोन्मुख तंत्रज्ञानांची यादी केली, तिच्यात नॅनो कीटकनाशके होती. ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात २०१८ साली आलेल्या आढाव्यात नेहमीच्या औषधांच्या तुलनेत परिणामकारकतेतली वाढ २० ते ३० टक्क्यांच्या घरात दिसली. त्याच नियतकालिकातला २०२२ चा आढावा आणखी पुढे गेला: किडींवरचा परिणाम सरासरी ३१.५ टक्के जास्त, इतर जीवांना होणारी विषबाधा ४३.१ टक्के कमी, जमिनीतून झिरपून जाण्याची शक्यता २२.१ टक्के कमी. हे आकडे गंभीर आहेत, त्यांना हसून उडवून लावता येणार नाही.

मात्र हे आकडे काय सांगतात तेही तितक्याच गांभीर्याने वाचायला हवे. २०२२ च्या त्याच आढाव्यात प्रत्यक्ष शेतातल्या चाचण्या वेगळ्या काढल्या की परिणामातली वाढ १८.९ टक्क्यांवर येते. शेतात नेहमीच्या औषधाशी सरळ तुलना करणारे अभ्यास फार थोडे आहेत, ही तक्रार २०१८ च्या आढाव्यानेच नोंदवली होती. शिवाय ही सरासरी आहे, आणि सरासरी वर्गाची असते. फवारणी एका विशिष्ट बाटलीची होते. चांदीचा कण आणि कायटोसानच्या कुपीतले निंबोळी तेल यांना एकत्र धरून काढलेला आकडा दोहोंपैकी कोणाबद्दलही हमी देत नाही. त्यातही अपयशी ठरलेला कण शोधनिबंधापर्यंत क्वचितच पोचतो, हे संशोधनाच्या जगात सर्वांना ठाऊक असलेले वास्तव आहे.

आता द्राक्षाला थेट भिडणारा मुद्दा. आवरणयुक्त नॅनो औषधाची थोरवी सांगताना म्हटले जाते की ते उन्हाने लवकर विघटित होत नाही, पावसाने धुतले जात नाही, पानाला धरून राहते आणि हळूहळू सुटते. किडीच्या दृष्टीने हे गुण खरेच. पण काढणीच्या दिवशी मण्यावर किती अंश शिल्लक राहील, हेही नेमक्या याच गुणांवर ठरते. औषधाच्या लेबलवर छापलेला काढणीपूर्व प्रतीक्षाकाळ, बागाईतदारांच्या भाषेत ‘पीएचआय’, हा त्या औषधाच्या ठरावीक मिश्रणाची फळावर किती वेगाने घट होते यावरून काढलेला असतो. मिश्रण बदलले, घटीचा वेग मंदावला, की तो आकडा निरर्थक होतो.

हिशेब करून पाहता येतो. समजा एखाद्या औषधाचा फवारणीनंतरचा अंश किलोला १ मिलिग्रॅम आहे आणि दर ४ दिवसांनी तो निम्मा होतो. २८ दिवसांत तो सात वेळा निम्मा होईल आणि ०.००८ मिलिग्रॅमच्या आसपास उतरेल. युरोपीय संघात ज्या औषधासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा लागू होते. म्हणजे माल पास. आता तेच औषध आवरणात घातले आणि निम्मे व्हायला ४ ऐवजी ८ दिवस लागू लागले असे धरावे. २८ दिवसांनी अंश ०.०८८ मिलिग्रॅम राहील, मर्यादेच्या जवळजवळ नऊ पट. मात्रा अर्ध्यावर आणली तरी ०.०४४ मिलिग्रॅम उरतो, म्हणजे मर्यादेच्या चौपटीहून जास्त. ‘मात्रा कमी, म्हणून अंश कमी’ हे विधान या साध्या गणितापुढे टिकत नाही. मात्रा निम्मी केल्याने फक्त एक अर्धायुकाल वाचतो. घटीचा वेग निम्मा झाला तर सगळा प्रतीक्षाकाळच हातचा जातो.

अशा चुकीची किंमत नाशिकने एकदा मोजलेली आहे. २०१० च्या हंगामात युरोपात पोचलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. ते कीटकनाशक नव्हे. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे, बागाईतदारांना ‘सीसीसी’ म्हणून परिचित असलेले संजीवक. निर्यातीपूर्वीच्या तपासणी यादीत ते नव्हते, म्हणून इथल्या प्रयोगशाळांनी ते शोधले नव्हते, तिकडच्यांनी शोधले. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला, आणि तोट्याचा बोजा निर्यातदारांबरोबर बागाईतदारांवर पडला. त्यानंतर शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या अपेडा या केंद्रीय प्राधिकरणाची, द्राक्षाचा बागेपर्यंत माग काढणारी ‘ग्रेपनेट’ व्यवस्था आणि पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची तपासणी यादी अधिक कडक झाली. या यंत्रणेची शिस्त हीच नाशिकच्या द्राक्षाची युरोपातली पत आहे. आणि ती शिस्त सगळीच्या सगळी नेहमीच्या मिश्रणांच्या आकड्यांवर बेतलेली आहे.

प्रयोगशाळेची तपासणी इथे आपोआप राखण करील असे मानण्यातही धोका आहे. अंश तपासताना द्राक्ष वाटून द्रावकात घोळवतात आणि औषधाचा रेणू मोजतात. तो रेणू मोकळा होता की कुपीत होता, कुपी कशाची होती, हे त्या अहवालात कुठेच येत नाही. चांदीचे किंवा जस्ताचे कण शोधायला वेगळेच उपकरण लागते, आणि धातू सापडला तरी तो कणरूपात होता की विरघळलेला, हे ठरवायला आणखी वेगळी पद्धत. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नॅनो पदार्थांच्या धोक्याची तपासणी कशी करावी याची स्वतंत्र मार्गदर्शिका २०१८ मध्ये काढली आणि २०२१ मध्ये सुधारली. नेहमीच्या पदार्थाची माहिती कणरूपाला जशीच्या तशी लावता येत नाही, हे गिऱ्हाइकाने, म्हणजे युरोपने, कागदावर मान्य केलेले आहे. विकणाऱ्या देशाने ते न मानून चालणार नाही.

मित्रकीटकांना नॅनो औषध इजा करत नाही, हा दावा त्याहूनही कच्चा आहे. कीटकनाशक कुपीत भरण्याची कल्पना नवी नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेत मिथाइल पॅराथिऑन सूक्ष्म कुपीत भरून ‘पेनकॅप-एम’ या नावाने विकायला आले. हेतू चांगलाच होता: औषध हळूहळू सुटावे आणि फवारणाऱ्या माणसाला त्याचा झटका बसू नये. माणसाच्या बाबतीत कुपीने काम केलेही. पण त्या कुप्यांचा आकार परागकणांच्या जवळ जाणारा निघाला. मधमाश्यांनी त्या परागाबरोबर पायांवरून पोळ्यात नेल्या, परागाबरोबर साठवल्या, आणि विष पोळ्यात दीर्घकाळ टिकून वसाहती मेल्या. नेहमीचे मिथाइल पॅराथिऑन शेतात गेलेल्या माशीला शेतातच मारायचे. कुपीतले औषध घरापर्यंत पोचले. त्या कुप्या मायक्रोमीटरच्या मापातल्या होत्या, नॅनोच्या नव्हेत, आणि म्हणून आजचे कण हुबेहूब तसेच वागतील असे म्हणता येणार नाही. पण हळूहळू सुटण्याचा जो गुण एकाला वरदान तोच दुसऱ्या जीवाला घातक ठरू शकतो, आणि ते आधी तपासल्याशिवाय कळत नाही, हे त्या प्रकरणाने कायमचे दाखवून दिले. वणीच्या शिवारात द्राक्षाला मधमाशीची फारशी गरज नसते. शेजारच्या वावरातल्या काकडीला, कारल्याला, दोडक्याला ती लागतेच, आणि ब्लोअरचा फवारा बांध पाहून थांबत नाही.

‘वनस्पतीपासून तयार केलेले’ म्हणून निर्धोक, हा युक्तिवाद धातूच्या कणांसाठी वारंवार वापरला जातो. कडुनिंबाचा, तुळशीचा किंवा आणखी कशाचा अर्क सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिसळतात. अर्कातली संयुगे चांदीचे कण तयार करतात आणि त्यांना चिकटून राहतात. कण बनवण्याची ही पद्धत खरोखर कमी घातक आहे, कारण तिला तीव्र रसायने लागत नाहीत. पण पद्धत स्वच्छ असली म्हणून वस्तू स्वच्छ होत नाही. त्या कणांतून सुटणारे चांदीचे आयन पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना आणि जमिनीत नत्राचे रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना विषारी असतात, अर्क तुळशीचा असला तरी. मग ते पर्यावरणस्नेही कोणत्या अर्थाने?

धातू कुजत नाही, ही गोष्ट इथे निर्णायक आहे. सेंद्रिय रेणू आज ना उद्या तुटतो. चांदी, तांबे, जस्त जिथे पडले तिथे राहतात किंवा पाण्याबरोबर पुढे जातात. द्राक्षशेतीला याचा अनुभव बोर्डो मिश्रणातून आहे. मोरचूद आणि चुन्याचे हे मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये केवड्यावर उपाय म्हणून पुढे आले आणि जगभरच्या द्राक्षबागांनी ते दीडेक शतक वापरले. परिणामी जुन्या बागांच्या मातीत तांबे साठत गेले, आणि युरोपीय संघाला २०१८ मध्ये नियम करावा लागला की सात वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबे घालायचे नाही. वणीच्या बागांतही बोर्डो चालतेच. त्यावर तांब्याचे नॅनो कण घालताना ‘एका फवारणीत किती थोडे’ हे विचारून भागणार नाही. वीस वर्षांत मातीत किती साठेल हे विचारावे लागेल.

सिलिकाची गोष्ट वेगळी आहे आणि तिला न्याय द्यायला हवा. सिलिकाचे कण किडीच्या कातडीवरचा मेणाचा थर शोषून घेतात. अंगातले पाणी उडून कीड सुकून मरते. तांदळातल्या सोंड्यासारख्या साठवणीतल्या किडींवर याचे चांगले परिणाम दिसले आहेत. डाळी-कडधान्याला राख लावून ठेवण्याच्या घरोघरच्या रीतीमागेही बऱ्याच अंशी हेच तत्त्व आहे. मात्र कोरड्या कणगीत जे जमते ते दवाने भिजलेल्या पानावर जमेलच असे नाही, कारण ओलाव्यात ही क्रिया मंदावते. दुसरे म्हणजे मेणाचा थर सगळ्याच कीटकांना असतो. मिलीबगला खाणाऱ्या क्रिप्टोलीमस भुंगेऱ्यालाही तो आहे. साठवणुकीच्या कोठारात मित्रकीटक फारसे नसतात, बागेत असतात. म्हणून कोठारात सौम्य ठरलेला उपाय बागेत आपोआप सौम्य ठरत नाही.

कण लहान म्हणून औषध नेमके किडीवर पोचते, ही समजूत तर फवारणीची तांत्रिक बाजूच विसरते. पंपाच्या नोझलमधून जो थेंब निघतो त्याचा आकार नोझल आणि दाब ठरवतात, आणि तो शेकडो मायक्रोमीटरच्या मापात असतो. आतला कण कितीही सूक्ष्म असला तरी वाऱ्याबरोबर वाहून जाणे, पानावरून ओघळणे, जमिनीवर पडणे हे सगळे थेंबाच्याच आकाराप्रमाणे घडते. सुटलेल्या सालीखाली दडलेल्या मिलीबगपर्यंत थेंब पोचला नाही तर कणही पोचत नाही; तिथे खोड खरवडून साल काढणे हाच आधीचा उपाय.

आणि टाकीत काय होते? दिंडोरी तालुक्यात एकाच टाकीत कीटकनाशक, बुरशीनाशक, विद्राव्य खत आणि स्टिकर असे मिश्रण सर्रास केले जाते, तेही बहुधा बोअरच्या जड पाण्यात. नॅनो कण एकमेकांपासून दूर राहतात ते बहुतेक वेळा त्यांच्या पृष्ठभागावरच्या विद्युतभारामुळे. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तो भार झाकून टाकतात आणि कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात सिद्ध झालेला नॅनो कण बागेतल्या ड्रममध्ये नॅनो राहतोच, हे कोणीतरी त्याच पाण्यात, त्याच मिश्रणात दाखवायला हवे. हा आक्षेप बारीक वाटला तरी सगळ्या दाव्याचा पायाच कणाच्या आकारावर आहे.

मात्रा कमी म्हणजे हानी कमी, या विचाराला इतिहासात भक्कम उत्तर आहे. निओनिकोटिनॉइड गटातली औषधे हेक्टरी अगदी थोड्या ग्रॅममध्ये काम करतात, आणि त्याच कारणासाठी त्यांचे कौतुक झाले होते. २०१८ मध्ये युरोपीय संघाने इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन आणि थायमेथोक्झाम या तिघांचा उघड्या शेतातला वापर मधमाश्यांच्या कारणाने बंद केला. ग्रॅम कमी होते, पण माशीला लागणारे विष त्याहून कितीतरी कमी होते. किडीत प्रतिकारशक्ती येणार नाही, या आश्वासनाचेही तेच. आवरणातला रेणू जुनाच असेल तर किडीच्या शरीरातले त्याचे लक्ष्यही जुनेच असते, आणि हळूहळू सुटणारी अपुरी मात्रा प्रतिकारक किडी निवडण्याचे काम करू शकते. कमी फवारणीचे आश्वासन घेऊन आलेल्या बीटी कापसावर महाराष्ट्रात २०१७ साली प्रतिकारक बनलेल्या गुलाबी बोंडअळीने काय केले, ते विदर्भाला सांगावे लागत नाही.

लेबल वाचण्याबाबतचा एक गैरसमजही या दाव्याला खतपाणी घालतो. बाटलीवरचा हिरवा त्रिकोण म्हणजे निसर्गाला निर्धोक, असे दुकानात सहज बोलले जाते. प्रत्यक्षात लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग सस्तन प्राण्यांवर होणाऱ्या तीव्र विषबाधेवरून ठरतात: तोंडावाटे घातक ठरणारी मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५,००० मिलिग्रॅमच्या पुढे असेल तर हिरवा. मधमाशी, मासा, गांडूळ यांच्याबद्दल त्या त्रिकोणात एक अक्षर नाही. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या कीटकनाशकविषयक आचारसंहितेत तर जाहिरातीत ‘सुरक्षित’, ‘बिनविषारी’, ‘निरुपद्रवी’ असे शब्द विनाअट वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द त्याच जातकुळीतला आहे.

भारतात कीटकनाशकांची नोंदणी १९६८ च्या कायद्याखाली केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे होते. हा कायदा झाला तेव्हा कणाच्या आकाराचा विचार नव्हता. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने जुलै २०२० मध्ये कृषी मंत्रालय आणि अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या सहकार्याने नॅनो कृषी-निविष्ठांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, हे योग्य दिशेचे पाऊल होते. पण कृषी सेवा केंद्राच्या फळीवरची प्रत्येक बाटली नोंदणीच्या दारातून आलेली असतेच असे नाही. ‘टॉनिक’, ‘बायो’, ‘वनस्पतिजन्य’ अशा नावांखाली, कीटकनाशक म्हणून न नोंदता किडीवर चालणारी उत्पादने विकण्याची वाट द्राक्षपट्ट्यात जुनी आहे. ‘नॅनो’ हे त्या वाटेवरचे नवे नाव होऊ शकते.

नावाच्या बळावर किती दूर जाता येते हे नॅनो युरियाने दाखवले. २०२१ मध्ये ५०० मिलिलिटरची बाटली ४५ किलोच्या गोणीला पर्याय म्हणून आली. गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो, बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचण्यांत शिफारशीच्या नत्राचा काही भाग कमी करून नॅनो युरिया फवारल्यावर गव्हाचे उत्पादन २१.६ टक्के आणि भाताचे १३ टक्के घटले. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनीही २०२३ मध्ये या दाव्यांच्या शास्त्रीय पायावर प्रश्न उभे केले. या चाचण्या बाटली देशभर गेल्यावर चर्चेत आल्या. खताच्या बाबतीत उत्पादन घटले. कीटकनाशकाच्या बाबतीत हाच क्रम ठेवला तर त्यात माती, पाणी आणि माणूस गुंतलेले असतील.

माणसाची बाजू इथे शेवटी आली असली तरी तिचे वजन कमी नाही. दिंडोरीच्या बागांत सुरगाणा, पेठ, कळवण भागातले आदिवासी मजूर विरळणी, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे, काढणी अशी कामे करतात. फवारणीनंतर किती तासांनी बागेत शिरावे हे नेहमीच्या औषधांबाबतही क्वचित पाळले जाते. पानावर हळूहळू सुटणाऱ्या औषधाच्या बाबतीत हा अवधी किती असावा, हाताला लागलेला कण त्वचेतून किती जातो, कोरड्या धुळीबरोबर छातीत किती जातो, हे प्रत्येक उत्पादनाबाबत स्वतंत्रपणे मोजल्याशिवाय त्याला निर्धोक म्हणणे म्हणजे मजुराच्या अंगावर प्रयोग करणे आहे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तीही ‘नीट वापरली तर सुरक्षित’ म्हणून विकली गेलेली औषधे होती.

यावर समर्थकांचे सर्वांत वजनदार उत्तर असे: यवतमाळला माणसे मारणारी जुनी औषधेच घातक आहेत, आणि नॅनोला अडवणारे शेतकऱ्याला त्याच जुन्या विषांपाशी बांधून ठेवतात. हे उत्तर मनापासून दिले जाते, म्हणून त्याची दखल तशीच घ्यायला हवी. जुनी औषधे घातक आहेत, हे पूर्ण खरे. पण जुन्या विषाला पर्याय म्हणून फक्त नॅनो कणच उरतो, हे खरे नाही. मिलीबगसाठी साल खरवडणे, मुंग्यांचा बंदोबस्त करणे, क्रिप्टोलीमस भुंगेरे सोडणे. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी कामगंध सापळे, ट्रायकोग्रामा हे परजीवी मित्रकीटक आणि विषाणूजन्य औषध. रस शोषणाऱ्या किडींसाठी ५ टक्के निंबोळी अर्क आणि दमट हवेत उपयोगी पडणाऱ्या बुरशी: हे सगळे तपासलेले, कृषी विद्यापीठांनी शिफारस केलेले उपाय आहेत. त्यांचा दोष एवढाच की त्यांना वेळेवर निरीक्षण लागते, मजुरी लागते आणि चांगल्या दर्जाचा पुरवठा लागतो. त्यांतली उणीव पैशाची आणि यंत्रणेची आहे. ती भरून काढायला नवा कण लागत नाही.

नॅनो संशोधन थांबवावे असाही याचा अर्थ नाही. उन्हात चटकन विघटित होणारे ॲझाडिरेक्टिन एखाद्या कुजणाऱ्या नैसर्गिक पॉलिमरच्या कुपीत टिकवता आले, तर निंबोळीचा उपयोग वाढेल आणि मागे काही साठणार नाही. असे काम निश्चित व्हावे. पण ते काम वणीच्या बागेत, वणीच्या पाण्यात, ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत पूर्ण हंगाम तपासून व्हावे. मांजरीच्या केंद्राने आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने कण असलेल्या आणि नसलेल्या त्याच औषधाची शेजारी शेजारी तुलना करावी, अंशाच्या घटीचा वेग नव्याने मोजावा, मातीतला धातू वर्षानुवर्षे मोजावा आणि निकाल, चांगला असो वा वाईट, मराठीत छापावा. नोंदणी समितीने नॅनो मिश्रणाला जुन्या औषधाच्या कागदांवर मंजुरी देऊ नये.

तोवर बागाईतदाराने दुकानात एवढेच पाहावे: लेबलवर नोंदणी क्रमांक, द्राक्ष हे पीक, किडीचे नाव, मात्रा आणि त्याच नॅनो मिश्रणासाठी काढलेला प्रतीक्षाकाळ छापला आहे का. यांतली एक जरी गोष्ट नसेल तर ती बाटली, तिच्यावर ‘पर्यावरणस्नेही’ असे कितीही ठळक अक्षरांत लिहिलेले असो, बागेत आणू नये.